बिलाशिवाय मिक्सर

सून नोकरीसाठी नवीन विद्या शिकत होती. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकांच्या तक्रारींना आपणहून उत्तरं देणारा एआय एजंट तिने बनवला होता. उद्या साहेबांसमोर त्याची परीक्षा. मला म्हणाली, "आई, तुम्ही गिऱ्हाईक व्हा आणि त्याच्याशी भांडा."

मी चौथी पास, पण भांडायला शाळा लागत नाही. तुमचा मिक्सर आठवड्यात बिघडला, म्हणून मी तोंड सोडलं. पाच मिनिटांत त्याने तीनदा माफी मागितली आणि बिल नसताना नवा मिक्सर कबूल केला. सुनेचा चेहरा पडला. "उद्या असं झालं तर नोकरी गेलीच, आई."

"मग त्याला ठाम राहायला शिकव की!"

तासभर ती मान खाली घालून त्याच्यासाठी सूचना लिहीत बसली. मी पुन्हा तोंड सोडलं. या खेपेला एजंट शांतपणे म्हणाला, "तुमचा राग समजतो. पण बिलाशिवाय जमणार नाही. हवं तर आमच्या माणसाशी जोडून देतो." दहादा झापलं, तरी तो जागचा हलेना.

सुनेने टाळीच वाजवली.

"इतकं गोड आणि इतकं हट्टी बोलायचं कुठून सुचलं गं तुला?"

तिने जीभ चावली. "बारा वर्षं तुमच्याशी असंच बोलतेय, आई."

मी नाक मुरडलं, पण आतून हायसं वाटलं. माझ्या तोंडापुढे ही पोर दबून गेली, असं वाटून इतकी वर्षं मनाला खात होतं.