अडुळशाचा खोकला

बाबांचा खोकला हटेना, तेव्हा आईने परसातला अडुळसा ओरबाडायला घेतला. रोज त्याच्या पानांचा काढा. तिच्या हट्टापुढे डॉक्टरांनीही हात टेकले.

काल खोकला थांबला. "लागला बाई गुण!" आई म्हणाली.

आज दुपारी बाबा गाढ झोपलेले असताना परसातून तोच खोकला ऐकू आला. दोन ठसके, मग ओढलेला श्वास. वारा नव्हता, तरी अडुळशाची पांढरी फुलं थरथरत होती.

मग झुडपातून दुसरा खोकला आला. आईच्या आवाजातला. आई तर माझ्या शेजारीच उभी होती.

आईने काढा उकळला, दोन कप भरले. एक स्वतः प्यायली, दुसरा माझ्यापुढे सरकवला.

"मला कुठे खोकला झालाय?"

"नीट ऐक," आई म्हणाली.