बाबांनी पास केलेलं पत्रक

बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा सरळ केला आणि घसा खाकरला. छापखान्यात पस्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून प्रुफं तपासलेला माणूस. लेक दवाखान्यासाठी माहितीपत्रकं तयार करायची आणि बाबांनी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय एकही छपाईला जायचं नाही. म्हाताऱ्या पेशंटांचं पत्रक म्हाताऱ्यानेच पास करायचं, हा घरचा नियम.

"पांढरी गोळी रोज सकाळी एक, नाश्त्यानंतर," बाबांनी सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. "झकास! बारीक आहे, पण सुबक. दे पाठवून."

लेक जागची हलली नाही. तासाभरापूर्वी, बाबा अंघोळीला गेले असताना, डॉक्टरांचा फोन आला होता आणि तिने पहिलीच ओळ बदलली होती. कागदावर आता 'नाश्त्याच्या अर्धा तास आधी' असं होतं.

"बाबा, पहिली ओळ परत वाचा बरं."

त्यांनी वाचली. पुन्हा नाश्त्यानंतर, त्याच ठसक्यात.

टाइप करताना प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणायची तिची जुनी खोड. शेजारच्या खुर्चीत बसून बाबा ऐकत असायचे.

"कधीपासून दिसत नाही?"

बाबांनी कागदाची घडी केली, उलगडली. "दिसतं गं. मोठं असलं की दिसतं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतंस."

ती चिडली, अगदी मनापासून चिडली. यांनी पास केलेली तीन पत्रकं आज कुणाकुणाच्या घरात उशाशी पडली होती. पण तिने कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. अकरा पॉइंटचं अक्षर चौदाचं केलं, छापून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. अठराचं केलं. तरी नाही. मग तिने नाजूक वळणाचा तिचा आवडता फॉन्ट काढूनच टाकला, साधा, ठसठशीत घेतला, ओळी मोकळ्या केल्या, अक्षर बावीसचं केलं. एका पानाची तीन पानं झाली.

बाबांनी पहिलं पान नाकाजवळ नेलं.

"ना... नाश्त्याच्या... अर्धा तास..." ते थांबले. "आधी?"

"आधी."

त्यांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं.

"मागची तिन्ही आण," ते म्हणाले. "याच अक्षरात."