शून्य दुखतंय

डब्याचं झाकण फरशीवर खणकन पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. इतका वेळ शांत असलेल्या खोलीत तेवढ्या आवाजानंही आरतीचे डोळे उघडले.

सिस्टर दारातून आत आली. "आवाज नको. पेशंट झोपलेत."

आरतीच्या सासूबाईंनी, छबूबाईंनी, ओशाळून पायानंच झाकण थांबवलं. सुनेसाठी मुगाची खिचडी काढता काढता ते हातून निसटलं होतं. त्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर टेकल्या होत्या, आणि सिस्टरच्या लेखी खाटेवर दिसेल तो पेशंट.

"तुम्हाला किती दुखतंय? शून्य ते दहा."

"गुडघं लई दुखत्यात. अकरा."

"अकरा नसतं," सिस्टर म्हणाली.

छबूबाईंनी भाजीबाजारात करावी तशी घासाघीस केली, साडेदहावर आल्या. पण सिस्टर दहाच्या पुढे सरकेना. तेवढ्यात हर्षल, आरतीचा नवरा, दारात डोकावला. चपला बाहेर काढायच्या, आणि भेटायची वेळ संपलीय, असं सिस्टरनं त्याला सुनावलं. तो मुकाट्यानं मागे फिरला.

"लग्नाआधी त्यानं माझं ऐकलं न्हाई, नंतर तुझं," छबूबाई सुनेला म्हणाल्या. "हिचं बघ कसं गुमान ऐकतोय."

आरतीला हसू आलं. हसताना टाके ओढले आणि हात आपोआप पोटाकडे गेला. तो तिनं लगेच चादरीखाली घेतला.

पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यापासून ती हेच करत आली होती. दुखणं आटोक्यात आलं की घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि घरी, देवळाली प्रवऱ्याला, तिची पाच वर्षांची मुलगी संस्कृती होती. आईवाचून ती एकही रात्र कधी राहिली नव्हती. फोनवर ती रडायची नाही, नुसती गप्प बसायची. आरतीला त्याचंच जास्त लागायचं. म्हणून कुणीही विचारलं की ती हसून 'शून्य' सांगायची. जादा गोळी पुढे आली तर नको म्हणायची. डॉक्टर खूश होते. इतकी समाधानी पेशंट आपल्याकडे पहिलीच, असंही म्हणाले.

सिस्टरनं थर्मामीटर काखेत ठेवलं, लगेच काढलं आणि न बघताच ठीक आहे म्हणाली. मग आरतीच्या कपाळावर हात ठेवला. हात गार होता, थोडा चिकट.

"तुम्हाला किती?"

"शून्य," आरती सवयीनं म्हणाली.

सिस्टर हलली नाही. "खरं सांगा. तुम्ही पोट धरलं ते मी पाहिलं."

छबूबाईंचा चमचा हवेतच थांबला. आरतीनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सिस्टरकडे. या नजरेपुढे लपवणं तिला जमेना.

"सात," ती हळूच म्हणाली.

छबूबाई गुडघ्यावर हात देत उठल्या आणि गोळ्यांची पिशवी हुडकू लागल्या. सांगायला काय झालं हुतं, हितं काय परकी माणसं हायत का, असं त्यांचं पुटपुटणं चालू होतं.

सिस्टरनं गळ्यातले बाबांचे हेडफोन काढले, डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, खाटेवर चढली आणि चादरीवरूनच आरतीच्या पोटावर हलकेच फुंकर घातली.

"मग काल तुला घरी आणायला आलो, तेव्हा नगरच्या खऱ्या सिस्टरला तू शून्य का सांगितलंस, आई?"