कोकोचा ट्रे

१९१७ च्या लढाईत लेफ्टनंट पेनरोजने पाणी भरणाऱ्या बॉयलर-खोलीचं झाकण बंद केलं. जहाज वाचलं, त्याला पदक मिळालं. आतल्या शिडीवर तेव्हा अकरा जण वर येत होते; ते बुडाले. त्यांची नावं त्याने कधीच विचारली नाहीत.

त्यातल्या एकाचा मोठा भाऊ, ट्रेगियर, चौदा वर्षांनी कॅप्टन पेनरोजचा सेवक झाला. त्याने आणलेला कोकोचा पितळी ट्रे कॅप्टन होकायंत्राला टेकवूनच ठेवायचा.

"तुझा कोको हाताशी असला ना ट्रेगियर, की आपण वाट चुकत नाही बघ!"

"तुमची कृपा, साहेब."

एका सकाळी दाट धुक्यात केवळ होकायंत्राच्या भरवशावर चाललेलं जहाज पोर्ट्समथबाहेरच्या वाळूत रुतलं. कुणाला खरचटलंही नाही. तपासणीत होकायंत्र अचूक निघालं. नौदलाच्या न्यायालयात टेबलावर ठेवलेल्या पेनरोजच्याच तलवारीचं टोक त्याच्याकडे वळवलेलं होतं. म्हणजे दोषी. कारकीर्द संपली.

"मी चुकलो नाही रे," सामान बांधताना तो पुटपुटला. "त्या दिवशी सुईच फिरली होती."

"माहीत आहे, साहेब. शिडीवर माझा विली होता."

ट्रेगियरने ट्रे त्याच्यासमोर धरला आणि नखाने खरवडला.



पितळेच्या मुलाम्याखाली लोखंड होतं.