घर क्रमांक सात

"पुन्हा पाताळात गेलास का रे?" टाइपरायटरवरून मान वर न करता मालनने विचारलं. "रिपोर्ट पाचला जायचाय."

जयवंत आलेखावरून परत आला. शहाऐंशी सालच्या त्या घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात संगणक नव्हता. जमिनीखालचं जग तो हातानेच काढायचा. विदर्भातल्या एका गावात चुनखडीची जमीन तीन ठिकाणी बशीसारखी खचली होती. तिथे त्याने महिनाभर लोखंडी सळया ठोकून जमिनीत वीज सोडली होती. खाली पोकळी असली की वीज अडखळते आणि आलेखावरची रेघ वर उसळते. काम सिमेंट कंपनीचं होतं. कंपनीला गावाची एवढी काळजी, याचं त्याला कौतुक वाटलं होतं. कौतुक त्याला पटकन वाटायचं.

डोळे जरा मिटले की त्याला पांढऱ्या छताखालचं हिरवं, निश्चल पाणी दिसे. आणि वर, त्या पातळ छतावर, चुली पेटवून बसलेली माणसं.

त्यातलाच एक, अंबादास, दोन गाड्या बदलून आला होता आणि सकाळपासून स्टुलावर बसून होता.

"साहेब, माह्या घराखाली काय निंगालं?"

"एक आकडा उसळलाय. संशय आहे."

"मंग तसंच लिवा ना. संशय हाये म्हून."

जयवंतला गलबलून आलं. संशयावर अंथरूण घालायला तयार असलेला माणूस तो प्रथमच पाहत होता.

"असं कसं लिहू? झोप उडेल तुमची."

त्याने वही चाळली. त्या घराच्या मोजणीच्या दिवशी एक सळई सैल बसल्याची बारीक नोंद सापडली; म्हणजे वीज तिथेच अडखळली असणार. त्याने आकडा खोडला. रेघ दुपारच्या तळ्यासारखी शांत झाली.

"एखांदी बारीकशी पोकळी तरी असन?" अंबादासने विचारलं.

"सुईएवढीही नाही. नातवंडं नाचली तरी घर हलणार नाही."

मालनने टाइप केलं: घर क्रमांक सात, पोकळी नाही, अखंड चुनखडी.

"झकास," ती कागद ओढत म्हणाली. "काका, पेढे पाठवा आता."

अंबादास त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिला. आनंदाने माणसाची वाचा बसते, हे जयवंतला ऐकून माहीत होतं.

"कंपनीवाले म्हने, अखंड दगड निंगन तिथूनच खाण सुरू करू," अंबादास शेवटी म्हणाला. "मंग पयला सुरुंग माह्याच घराले लागन, नाही का साहेब?"