नमुन्याचं पुस्तक

माझी नात मेघा किन्हवलीत घरी बसून एका कंपनीचं काम करते. संगणकावर लिहिताना पुस्तकाचं नाव टाकलं, की लेखक-प्रकाशकासकट सगळी माहिती शोधून देणारी एक सोय आहे. ती कशी वापरायची, हे समजावणारा मजकूर तिला नीटनेटका करायचा होता. पहिलीच नोकरी, त्यात साहेब मोठा वाचणारा म्हणून नावाजलेला.

"आजोबा, नमुन्याला एखादं पुस्तक सांगा ना."

"लिही, 'खेकड्यांचा मनमिळाऊ स्वभाव', लेखक बारकू किन्हवलीकर."

"असं पुस्तक तरी हाय का?"

"नसलं म्हणून काय झालं? लिही गो तू!"

तिनं हसत हसत लिहिलं आणि बदलायचं विसरून तसंच साहेबाला धाडलं. लक्षात आलं तशी पोरगी रडकुंडीला आली.

"तुमच्या थापेपायी माझी नोकरी जाणार आता!"

त्या दुपारी मलाही भाकर गोड लागेना.

संध्याकाळी साहेबाचं उत्तर आलं.

"काम छान झालंय. हे पुस्तक मी कॉलेजात असतानाच वाचलं होतं, पण त्याचा दुसरा भाग जास्त चांगला आहे."