दोन हातांची बंदी

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” दूध डेअरीच्या रांगेत गेनूनानांनी सुरुवात केली, “पण ग्रामसभेत इंटरनेटबंदीच्या विरोधात पहिला हात माझा! इतका उंच गेला की छताचा पंखाच अडून थांबला.”

रांग हसली. नाना मात्र किटली या हातातून त्या हातात घेत राहिले. संध्याकाळचे सात वाजत आले होते. ग्रामपंचायतीचा भोंगा झाला की गावातलं एकमेव वायफाय नऊपर्यंत बंद. मस्कतच्या लेकीला नेमकी तेवढ्यातच सवड मिळायची. तीन आठवडे तिचा चेहरा दिसला नव्हता.

“सरपंचाला ठणकावलं, ‘पोरांचा अभ्यास खरा, पण परमुलखातल्या लेकींचं काय?’”

तेवढ्यात भोंगा वाजला. खिशातला मोबाइल नानांनी उगाच काढून पाहिला.

“किती खोटं बोलाल, नाना!” मागून सरूबाई कडाडल्या. “मी तुमच्या मागंच बसले होते. ‘पोरांचे मोबाइल विहिरीत टाका’ म्हणत तुम्ही बंदीसाठी दोन्ही हात वर केलेत. ग्रामसेवकानं दोन्ही मोजले, अन् बंदी एका हाताच्या फरकानंच पास झाली की हो!”